आधी नाव विचारायचं

३ जून
लागले एकदाची कामाला! हॉस्पिटलात तीन जागा होत्या: धुलाई, स्वयंपाकघर आणि पेशंटची चाकाची खुर्ची ढकलणं. मी खुर्ची निवडली. सकाळी काम, दुपारी नर्सिंगचा वर्ग. पुस्तकातलं सगळं डोळ्यांनी बघायला मिळणार. दादा म्हणाला, निघाली नर्स व्हायला आणि झाली गाडीवान. हसू दे मेल्याला. तीन वर्षांनी पहिलं इंजेक्शन त्यालाच टोचेन.

वॉर्डातल्या मावशींनी एकच गोष्ट दहादा बजावली. पेशंटला नाव विचारायचं, मनगटावरच्या पट्टीशी जुळवायचं, वहीत लिहायचं, मगच ब्रेक काढायचा. एवढं काय त्यात!

११ जून
आज वर्गात चाचणी, आणि नेमका उशीर. एका आजींना मागच्या इमारतीत सोडायचं होतं. नाव विचारलंच नाही. त्या सारख्या म्हणत होत्या, मी पेशंट नाही, इथं कामाला आहे, दुपारी माझा वर्ग आहे. मी म्हटलं, हो हो आजी.

परत आले तर वहीत नावाचा रकाना रिकामा. कारकून डोक्यावर उभा. दिलं माझंच नाव ठोकून. उद्या खोडेन. चाचणी मात्र झकास गेली.

१२ जून
वही सकाळीच वर गेली म्हणे. मावशींना खरं ते सांगितलं. काय करून बसलीस गं पोरी, एवढंच म्हणाल्या.

१४ जून
उठले तर मनगटावर पट्टी. माझ्या नावाची. कात्रीनं कापली. अंघोळ करून आले तर पुन्हा होती. आई विचारते, भरती कधी व्हायचंय?

१७ जून
हजेरीत माझं नाव नाही. बाई म्हणाल्या, या नावाची मुलगी वर्गात कधी नव्हतीच. हातांची कातडी सुरकुतलीय. मला भीती वाटते. फार.

२० जून
खिडकीजवळचा पलंग दिलाय. मावशी नजर चुकवून जातात. दादा आला होता. मला अहो म्हणाला.

जून?
नवी मुलगी आलीय. हसरी. पिशवीत नर्सिंगचं पुस्तक. सारखी घड्याळ बघतेय. अगं बाळा, आधी नाव विचार — मी पेशंट नाही, इथं कामाला —

हो हो आजी, म्हणाली. ब्रेक काढला.

मागची इमारत. दार उघडंय. आत ओळीनं खुर्च्या, सगळ्या म्हाताऱ्या — सगळ्या एकदम सांगतायत, दुपारी माझा —