सात उत्तरपत्रिका

सोमवार, ८ जानेवारी

आज अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळं बदललं. समोर भिंतीवर घड्याळ होतं म्हणून वेळ पक्की माहीत!

शाळेतला माझा सहावा दिवस. दुसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, त्यांच्या जागी मी – कॉलेज अर्धवट टाकून आलेला. वर्गाला एक दम भरला आणि माझ्या वर्गातल्या बिट्टीला परत आणायला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत गेलो. तिथे दुसरीतल्या मागे पडलेल्या मुलांना एक बाई फक्त वाचायला शिकवतात. मुलांनी त्यांचं नावच वाचनबाई करून टाकलंय.

बाई जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. समोर बिट्टी, बोट एका शब्दावर. ‘पायरी’. बिट्टी ‘पा’ म्हणाली आणि अडली. माझ्या जिभेवर शब्द आला होता, दात आवळून धरला. बाई काहीच बोलल्या नाहीत. मान हलवली नाही, ‘हं, पुढे’ नाही, काही नाही. खिडकीतून बाहेर बघावं इतक्या आरामात बिट्टीकडे बघत होत्या. मिनिटभर तरी! मग बिट्टी एकदम म्हणाली, “पायरी!” आणि स्वतःच दचकली.

बाईंनी मान वळवली. “अहो सर, आता श्वास सोडलात तरी चालेल.”

मेलो.

बुधवार, १० जानेवारी

भाऊजी जेवताना: “काय गुरुजी, प्राध्यापकांना शिकवून झालं, आता दुसरीला का?” ताईने डोळे वटारले त्यांच्यावर. मी ताट सरकवून उठलो. मग भूक लागली म्हणून परत जाऊन बसलो. कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

गुरुवार, १८ जानेवारी

शाळा तशी काही दिसायला नाही. भिंतींचे पोपडे निघालेत, एका बाकाचा पाय विटेवर. तरी मुलं सकाळी फाटक उघडायच्या आधी येऊन उभी! माझ्या शाळेत मी फाटक बंद व्हायची वाट बघायचो.

का येतात, हे शोधतोय. रंगीत तक्ते? ते तर माझ्याही शाळेत होते, काचेत. हात लावला की छडी.

आज वाचनबाईंच्या खोलीत तासभर बसू दिलं. एक पोरगा अडला, मी पटकन शब्द सांगून टाकला. पोरगा खूश, मी खूश. मुलं गेल्यावर बाई म्हणाल्या, “शब्द त्याचा होता हो. तुम्ही का खाल्लात?”

“मदत केली.”

“घाई केलीत. गाडी सुटत होती का तुमची?”

कान तापले. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर खुर्ची आपटून निघालो असतो. तिथे मात्र मुकाट्याने सतरंजी गुंडाळली. नीट गुंडाळली!

सोमवार, २२ जानेवारी

तिचा (इथे तरी वाचनबाईंना ‘ती’ म्हणू दे!) डबा स्टीलचा, झाकणाला पोचा. बोलताना खडू कानामागे. आज निळी ओढणी.

पुरे.

मंगळवार, ३० जानेवारी

खरं लिहून टाकतो. कॉलेज मी भांडणामुळे सोडलं नाही. भांडण मी सोडण्यासाठी केलं.

दुसऱ्या महिन्यापासून गणित कळेनासं झालं. वर्गात साठ जण, सगळे वहीत खाली बघून भराभर लिहितायत. एकदा विचारलं असतं, ‘सर, ही पायरी कुठून आली?’ तर काय बिघडलं असतं? पण तिथे न येणं म्हणजे नापास माणूस. दीड वर्ष येतंय असं दाखवलं. मग एक दिवस सरांनी फळ्यापाशी बोलावलं आणि मी हात वर करायच्या ऐवजी आवाज चढवला. फाईल भिरकावली. सगळे म्हणाले, डोकं फिरलं. बरं झालं – ‘त्याला येत नव्हतं’ असं कोणी म्हणालं नाही!

इथे बिट्टी उठून सरळ सांगते, “मला नाही आलं.” सात वर्षांची आहे. आणि शेजारची पोरगी न सांगता सरकून तिच्याजवळ बसते.

शाळा चांगली कशाने होते, ते यात असावं. न येण्याला जागा आहे.

सोमवार, ५ फेब्रुवारी

गुरुवारी वरून चाचणी येतेय, सगळ्या शाळांत एकच. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, सभेत म्हणाल्या, “जे येतं ते लिहू द्या. शिकवायला वर्ष पडलंय.” सभा उठल्यावर तिसरीचे गुरुजी माझ्या खांद्यावर हात ठेवून: “तुमच्या वर्गाचं काय होणार ते दिसतंयच. आणि त्या वाचनबाई – दोन वर्षं सतरंजीवर बसून करतात काय, कळेल एकदा.”

मला बोला. तिला का?

गुरुवार, ८ फेब्रुवारी

चाचणी झाली. उत्तरपत्रिका दुपारी माझ्या टेबलावर, चारला गठ्ठा बांधून द्यायचा. सात पत्रिका जवळजवळ कोऱ्या. सातही तिच्या खोलीतली मुलं.

गुरुजींचं ते ‘कळेल एकदा’ डोक्यात घुमत होतं. दार लोटलं. पेन्सिल घेतली. डाव्या हाताने लिहिलं, म्हणजे अक्षर पोरांसारखं वेडंवाकडं येतं. बिट्टीचा ‘क’ नेहमी पोट फुगलेला असतो, तोही तसाच काढला. मध्ये मध्ये चुका ठेवल्या, संशय नको. पाऊण तास. वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

निकाल आला की नाव तिचं होईल. कोणी केलं ते तिला कळणारही नाही. असं प्रेम असतं, म्हटलं!

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

दुसरीचा वर्ग सगळ्यांत वर! गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा. मोठ्या बाईंनी हात मिळवला.

ती धावतच वर्गात आली. “बिट्टीला दहापैकी आठ! अहो, माझ्यासमोर अजून अडते ती. पण एकटी असताना जमलं तिला!” डोळे भरले होते. ओढणीने पुसले आणि स्वतःलाच हसली.

मी म्हणालो, “तुमच्यामुळेच.” आणि टेबलावरची पेन्सिल खणात टाकली.

सोमवार, २६ फेब्रुवारी

पत्र आलं. या शाळेत मागे पडलेलं मूल आता एकही नाही. सबब वाचनबाईंना शुक्रवारपासून दुसऱ्या शाळेत पाठवण्यात येत आहे, जिथे गरज आहे.

मी दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

ती म्हणाली, “चांगलीच बातमी आहे ना? काम झालं म्हणून निघायचं.” आणि कपाटातली पुस्तकं एकेक पुसून खोक्यात भरू लागली. मी खोकं धरून उभा. तेवढीच माझी लायकी.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

आज वर्गात बिट्टीला धडा वाचायला दिला. पहिल्याच ओळीत अडली. मी थांबलो. खरंच थांबलो, बाईंसारखा. पण ती या वेळी ‘मला नाही आलं’ म्हणाली नाही. पुस्तक मिटून माझ्याकडे आली आणि हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, “सर, मला आठ मार्क आहेत ना? मग मला का येत नाही?”

उत्तर होतं. मी तिला जागेवर पाठवलं.

मधल्या सुट्टीत बाकीच्या सहांकडे बघत बसलो. त्यांना कोणी विचारलंच नाही, येतं की नाही. कागदावर येतंय! आता त्यांना कोण शिकवणार? आणि त्यांनी सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

जे माझं झालं ते मी सात जणांचं केलं. तेही पाऊण तासात.

घरी ताईला सगळं सांगितलं. भाऊजी तिथेच होते. वाटलं, आता टोमणा. ते एवढंच म्हणाले, “शाळा किती वाजता उघडते उद्या?”

बुधवार, २८ फेब्रुवारी

मोठ्या बाईंच्या खोलीत उभं राहून सांगितलं. सातही नावं घेतली, एकेक. ती समोरच बसली होती, बदलीच्या कागदावर सही करायला आलेली. मोठ्या बाईंनी कागद ओढला आणि माझ्यासमोरच लिहिलं – सात मुलांची चाचणी पुन्हा घ्यावी, वाचनबाईंना इथेच ठेवावं. तिसरी ओळ माझी. “उद्यापासून येऊ नका.” बरोबर आहे.

ती उठली. वाटलं, काहीतरी बोलेल, निदान शिव्या तरी देईल. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्गाची हजेरी मागून घेतली, त्यात बिट्टीच्या नावावर बोट ठेवलं आणि मोठ्या बाईंना विचारलं, “हिला आत्ता वाचायला बोलावू?”

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.