पेटीतली एकोणिसावी चेकरस्पॉट

मी, प्रताप वसंत खांबेटे, वय चौऱ्याहत्तर, राहणार सांता क्लारा, हे पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव आणायला घरात दुसरे कोणी नाहीच. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर व बँकेतील शिल्लक माझी एकुलती एक मुलगी अंतरा, राहणार अर्विंग, हिला मिळावी.

२. दुर्बीण आणि भिंगे फुलपाखरू मंडळाला द्यावीत. अध्यक्ष देवांग यांनी त्यांना हात लावू नये. माझी पत्नी रत्ना गेली तेव्हा त्यांनी ग्रुपवर हात जोडलेले चित्र टाकले आणि लगेच खाली सहलीचे वेळापत्रक.

३. फुलपाखरांची पेटी अंतराला. तीत एकोणिसावी आहे ती चेकरस्पॉट, चौकटी-ठिपक्यांच्या पंखांचे फुलपाखरू. टेकडीच्या पायवाटेवर मेलेली सापडली, ती मी दुर्मीळ 'एडिथ' जातीची म्हणून मंडळात मिरवली. नऊ वर्षांची अंतरा सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, एडिथच्या पोटावर रेड रिंग्ज असतात ना? हिला तर व्हाइट डॉट्स आहेत." मोठ्यांच्यात बोलू नकोस म्हणून मी तिला गप्प केले. ती पुन्हा माझ्याबरोबर टेकडीवर आली नाही. गेल्या महिन्यात भिंग धरून पाहिले. ठिपके पांढरेच आहेत. ही साधी, कुठेही दिसणारी चेकरस्पॉट. तीस वर्षे माझे पडलो तरी नाक वर.

४. आमच्या मंडळात फुलपाखराखाली टाचलेली नावाची चिठ्ठी चुकीची निघाली तरी काढून टाकत नाहीत. त्याच टाचणीत तिच्याखाली नवी ओवतात, म्हणजे कोण चुकले आणि कोणी ओळखले, दोन्ही राहते. नवी चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे: "ओळखले: अंतरा खांबेटे, वय नऊ." ती तिनेच ओवावी. पेटी कुरिअरने पाठवू नये, तिने इथे यावे. मला तिची फार आठवण येते, हेही याच कलमात धरावे.

साक्षीदार: राधिका सबनीस, शेजारी, आज प्रथमच घरात आल्या; आणि निमिष सबनीस, त्यांचे पती.

सांता क्लारा, १४ एप्रिल २०२४
प्र. व. खांबेटे

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमक्ष: सही करता करता राधिका म्हणाली, "काका, हे विलमध्ये कशाला? आत्ता कॉल करा ना तिला!" म्हणून कलम चार माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू. फोन केला. तिने उचलला नाही. "अंतरा, ठिपके पांढरेच आहेत गं," असा निरोप ठेवला आहे.

प्र. व. खांबेटे