दिवाळसणाची मोटरसायकल

मुरुड, ३ ऑक्टोबर १९३२, सोमवार

आज सरोजिनी माहेरी गेली. तिचा भाऊ रघू न्यायला आला होता. लग्नानंतरची पहिली दिवाळी, तेव्हा मला मागाहून दिवेआगरला जायचं आहे. जाताना दाराआड म्हणाली, नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाच्या पाटावर तुम्ही बसलेले असा, माझं दुसरं काही मागणं नाही. तिच्या आक्काचे यजमान हरीभाऊ दरवेळी आदल्या दिवशीच हजर असतात आणि मग सगळ्या बायका हिला विचारतात, तुझे कुठे? मी गणपतीला विसर्जनाच्या दिवशी पोचलो होतो, ते अजून मनात धरून आहे.

मी म्हटलं, या खेपेला मोटरसायकलवरून येतो. तिचा चेहरा पडला. फार आनंद झाला की काही बायकांचा चेहरा असा होतो.

संकल्प: त्याआधी इंजिन उघडून साफ करायचं. गाडी उत्तम चालते, पण आतून बारीक टकटक ऐकू येते. मी शाळेत सायन्स शिकवतो. टकटक सहन करणं मला शोभत नाही.

४ ऑक्टोबर, मंगळवार

उघडलं. मोटरसायकल बाहेरून दिसते त्यापेक्षा आतून बरीच मोठी असते.

सगळे भाग पडवीत. गोदूवहिनींची परात आणि दोन पातेली घासलेट भरून घेतली. वहिनींनी विचारलं, दसऱ्याचं पुरण कशात शिजवू? दादा मुंबईला नोकरीला असल्यामुळे त्यांना समजावणारं घरात कोणी नाही. या घरात शास्त्राबद्दल आस्था कमी.

स्वतःसाठी टीप. इंजिनाचं सगळं मर्म टायमिंगमध्ये. इंजिनाचं एक दात्यांचं चाक, मॅग्नेटोचं एक, मधे चेन. मॅग्नेटो ठिणगी पाडतो. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ती पडली पाहिजे. फारच आधी पडली तर काय होतं तेही कुठेतरी वाचलं होतं, आता आठवत नाही. फार काही होत नसावं.

चेन काढण्यापूर्वी दोन्ही चाकांच्या एकेका दात्यावर खूण करणं आवश्यक. रंग नव्हता. वहिनींच्या करंड्यातलं कुंकू खोबरेल तेलात कालवून एकेक टिकली लावली. आता जोडणं पोरखेळ.

८ ऑक्टोबर, खंडेनवमी

घरातल्या हत्यारांची पूजा. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, कोयता, कुऱ्हाड, नारळ सोलायची पहार मांडली. मी म्हटलं, इंजिनाने काय पाप केलं? खुणा सांभाळून सगळे भाग पुसले आणि पाटावर मांडले. वहिनी हळदकुंकू वाहायला आल्या तेव्हा त्यांना बजावलं, एकही दाता उपाशी राहता कामा नये. वहिनींचं काम चोख. दात्यादात्यावर बोट टेकवलं. वर तेलाचं निरांजन. सगळी पडवी लालपिवळी दिसत होती. मला भरून आलं. विज्ञान आणि धर्म यांचा असा संगम फार थोड्या घरांत होत असेल.

१० ऑक्टोबर, सोमवार

जोडायला बसलो. खुणा नाहीशा झालेल्या नाहीत. वाढल्या आहेत.

वहिनींना विचारलं, माझं कुंकू कुठलं आणि तुमचं कुठलं? त्या म्हणाल्या, भाऊजी, दोन्ही माझंच. असल्या उत्तरांनी देश मागे राहतो.

संध्याकाळी विचारपूर्वक, जास्त लाल दिसणारे दोन दाते समोरासमोर आणून चेन बसवली. एक वॉशर आणि एक स्प्रिंग उरली. गाडी तेवढी हलकी झाली.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

किक मारली. किकने मला मारली. उजवा पाय घोट्यापाशी सुजला आहे. दुखतो, आणि बराच दुखतो. पण इंजिनात जीव असल्याचा याहून सबळ पुरावा कोणता?

दुसऱ्या किकला सायलेन्सरमधून जो बार निघाला त्याने शेजारच्या वेणूबाईंची म्हैस दावं तोडून सुपारीच्या बागेत गेली. वेणूबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या की म्हशीने पान्हा चोरला आहे आणि ऐन दिवाळीत तुमच्याकडे रतीब घालता येणार नाही. तात्यांनी चहा कोरा प्यायला, माझ्याकडे बघत.

१६ ऑक्टोबर, रविवार

आगरदांड्याहून मचवेवाला नामा आला होता. त्याचा मचवा खाडीपलीकडे दिघीला जातो येतो, त्यामुळे दिवेआगरचे निरोप त्याच्याकडून येतात. सरोजिनीचा निरोप त्याने तिच्याच शब्दांत सांगितला म्हणे: "बायनी सांगलंय, गारी नको. तुमी या."

लाजते बिचारी. चारचौघांत नवऱ्याची मोटरसायकल मिरवायची म्हणजे संकोच होणारच. उलट निरोप दिला की मोटरसायकलवरूनच येतो, वाडीचं फाटक दोन्ही बाजूंनी उघडं ठेवा. नामाने मान हलवली, ती होय की नाही ते कळलं नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

शास्त्रीय पद्धत सुरू. रोज सकाळी चेन काढायची, मॅग्नेटोचं चाक एक दाता पुढे सरकवायचं, किक मारायची, निरीक्षण करायचं. आजचं निरीक्षण: काहीच नाही. कालचं निरीक्षण: धूर, पण तो वहिनींच्या चुलीचा निघाला.

वर्गात मुलांना प्रयोगाचं महत्त्व सांगितलं. एकाने विचारलं, सर, पायाला काय झालं? त्याला बाकावर उभं केलं.

२३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९

चालू झाली. चालू झाली. टकटकही गेली.

किक मारली, इंजिनाने नेहमीप्रमाणे उलट झटका दिला आणि त्याच झटक्यात सुरू झालं. गाडी स्टँडवर होती. गिअर टाकला तर मागचं चाक भन्नाट फिरू लागलं. मी टोपी उडवली. सरोजिनी इथे असायला हवी होती असं फार वाटलं.

एक क्षुल्लक गोष्ट. वहिनींनी सारवायला कालवलेलं शेण चाकापाशी होतं, ते सगळं पुढच्या बाजूला उडालं आणि समोर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या तात्यांच्या अंगावर गेलं. तात्या म्हणाले, चाकाने उडवलेलं मागे जायला हवं ना रे? मी सांगितलं की वाऱ्याची दिशा बदलली असावी. वारा नव्हता, पण तात्यांना अंघोळीला जायची घाई होती.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

आता गाडीला हात लावायचा नाही. दिघीपर्यंत इंजिन ताजं राहिलं पाहिजे. म्हणून मुरुड ते आगरदांडा गाडी बैलगाडीतून न्यायचं ठरवलं. तात्यांनी विचारलं, मोटरसायकल बैलांनी ओढायची तर मग तूच बैलगाडीत बैस आणि ती इथे ठेव. तात्यांची विनोदबुद्धी वयाबरोबर वाढते आहे.

ते असंही म्हणाले की उद्याच नीघ. मी म्हटलं, हरीभाऊंना लागतो अख्खा आदला दिवस. माझ्याजवळ यंत्र आहे. परवा दुपारी निघालो तरी दिवेलागणीला पाटापाशी.

आगरदांडा, २७ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी

भरतीची वाट बघत आहे. हा भाग हिशेबात धरला नव्हता, पण समुद्राची चूक माझ्या माथी मारता येणार नाही. नामाने आणि आणखी चौघांनी मिळून गाडी मचव्यावर चढवली. कोट इस्त्रीचा आहे. खिशात सरोजिनीसाठी घेतलेली अत्तराची कुपी.

दिघी, त्याच दिवशी. संध्याकाळी

लिहायला मन होत नाही. तरी लिहितो, कारण दोष माझा नाही हे कुठेतरी नोंदलेलं असावं.

धक्क्यावर उतरलो. बघायला माणसं जमली. किक मारली, झटका बसला, इंजिन सुरू. बसलो, टोपी नीट केली, सगळ्यांना हात केला आणि क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

धक्क्याच्या उतारावरून सरळ खाडीच्या चिखलात, माझ्यासकट. इंजिन उलटं फिरतं आहे. ठिणगी फारच आधी पडली की काय होतं ते आता आठवलं. नामा वरून म्हणाला, "मास्तर, गारीला परत घरा जावाचं हाय." लोक हसले. मीही हसलो, पण माझं हसणं उशिरा आणि फार थोडं आलं.

गाडी वर काढल्यावर मला युक्ती सुचली. गाडी उलटी जाते तर तोंड शेपटाकडे करून बसावं, हात मागे नेऊन हँडल धरावं. थोडं अंतर गेलोसुद्धा, आणि समाधानकारक गेलो. मग वळण आलं. केसर नावाच्या कोळणीने दोरीवर बोंबील वाळत घातले होते, ती सगळी वलण माझ्या अंगावर. ती म्हणाली, "आंधला हायस का रं? माज्या बोंबलांवं गारी कनाला घालतोस?" मी सांगितलं की मी त्या दिशेला बघतच नव्हतो. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

पेट्रोलची टाकी चेपून गळते आहे. इंजिन गप्प.

नामा म्हणाला, "गारी मी सांभालतो, मास्तर. तुमी चालत जावा. तीन तासांत पोचाल, बाय वाट बगत आसंल." सूचना चांगल्या हेतूने केलेली होती. पण मी निरोप पाठवला आहे. मोटरसायकलवरून येतो म्हटलेला माणूस हात हलवत आला तर हरीभाऊ काय म्हणतील? ढकलत नेतो. रस्ता निदान वाटेतल्या बोर्लीपर्यंत सपाट असावा.

दिवेआगर, २८ ऑक्टोबर, नरकचतुर्दशी. दुपारी

रस्ता सपाट नव्हता.

फाटक दोन्ही बाजूंनी उघडं होतं. ऊन चांगलं वर आलं होतं. अंगणात पणत्या विझलेल्या, फटाक्यांचा कचरा, हरीभाऊ रेशमी सदऱ्यात झोपाळ्यावर फराळ करत. सासूबाई पुढे आल्या आणि बोंबलांच्या वासाने नाकाला पदर लावून तशाच मागे गेल्या. रघूने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कोणाकडे आधी धावावं ते त्याला कळेना.

सरोजिनी माजघरात होती. नवं लुगडं, डोळे लाल. आक्काकडून कळलं ते असं: माझा पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी काढलेली होती, आणि ही तेलाची वाटी हातात घेऊन उजाडेपर्यंत फाटकाकडे बघत उभी होती. बायकांनी विचारलंच, तुझे कुठे? ही म्हणाली, येतायत, मोटरसायकलवरून. त्या हसल्या. शेवटी सासूबाईंनी पाट उचलून भिंतीला लावला.

मी तिला सगळं नीट समजावलं. मॅग्नेटो, पिस्टन, दाते, भरती, उतार, बोंबील. मातीवर बोटाने आकृती काढून दाखवली. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं: दिघीहून चालत किती वेळ लागतो?

मी म्हटलं, ते चालणाऱ्यावर अवलंबून आहे.

ती म्हणाली, हो, चालणाऱ्यावरच. मग वाटी उचलून आत गेली.

अत्तराची कुपी खिशातच फुटली होती, ते तिला सांगायचं राहिलं. बंबातलं ऊन पाणी संपलं होतं. आंघोळ विहिरीवर केली, माझी मीच.