फौजदार पाणी मागतो

सोलापूर, ता. ३ नोव्हेंबर १९७४

चि. ईश्वरप्पास अव्वाचे अ. उ. आशीर्वाद.

मी सांगते, तुझी लेक रुद्राणी लिहिते. तिला बजावलंय, बापाची भीड ठेवू नकोस. फौजदारकीतून पेन्शनीत निघून वर्ष झालं नाही तोच अक्कलकोटचा नगराध्यक्ष व्हायला निघालास! काल तिकडची निंगव्वा आली होती. तू मतं मागायला दार वाजवतोस तेही जप्तीला आल्यासारखं, म्हणाली. तिच्या नवऱ्यानं हात जोडून आधीच सांगितलं म्हणे, की साहेब, आम्ही काही केलं नाही. मी लई हसले, मग जीव खालीवर व्हायला लागला. हातातली काठी घरी ठेवत जा.

आईची माया आहेच, पण ती मतपेटीत पडत नाही.
तुझी अव्वा

अक्कलकोट, ता. ७

ती. अव्वास ईश्वरप्पाचा सा. न. वि. वि.

काठी ठेवली, तरी कुणी बसा म्हणत नाही. लाच नको म्हणून तीस वर्षं कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. समोरचा उमेदवार आता सभेत तेच सांगतो, ज्याला तुमचं पाणी चालत नाही तो तुमचा कसा? पडलो तर या गावात तोंड दाखवणार नाही, बिऱ्हाड घेऊन तिकडे येईन. आपली सून गौरम्मा म्हणते, तुमच्या येरझाऱ्यांनी फरशी झिजली.

डोक्यावर हात असू द्यावा.
ईश्वरप्पा

सोलापूर, ता. ११

चि. ईश्वरप्पास आशीर्वाद.

अरे शहाण्या, दारी आलेल्याला आपल्यात आधी पाणी न् गूळ. तहान नसली तरी घोटभर घ्यायचं, नाहीतर घरच्या बाईचा अपमान. तू तर गावातल्या झाडून साऱ्या बायांना नाही म्हणालास की! लोकांना वाटतं, अजून ड्युटीवरच आहे. धोंडप्पापासून सुरुवात कर. जुगारात धरून भर बाजारातून चालवत नेला होतास ना त्याला? त्याच्याकडे मत मागू नकोस, पाणी माग. बिऱ्हाड मात्र आणू नकोस. इथं येरझाऱ्या घालायला मी आहे.

तुझ्या काळजीनं आंबलेली
अव्वा

अक्कलकोट, ता. १५

ती. अव्वास सा. न.

गेलो. धोंडप्पा दारात आडवा उभा. पाणी मागितलं, तरी बाजूला होईना. शेवटी त्याची म्हातारी आई, बसव्वा, तांब्या घेऊन आली. म्हणाली, माझ्या पोराला न्यायला आलास त्या दिवशीही तुझ्यासाठी भरून ठेवला होता. अव्वा, तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला. पुढच्या घरी धोंडप्पा आपणहून बरोबर आला. संध्याकाळपर्यंत पोटाची घागर झाली. निकालाचं काय होईल ते होवो.

ईश्वरप्पा

सोलापूर, ता. २४

चि. ईश्वरप्पास अव्वाचे उदंड आशीर्वाद.

निवडून आल्याची तार पोचली. रुद्राणीनं गल्लीभर पेढे वाटले. तुझ्या तारेमागोमाग तिकडचा कुणी रस्त्याचा ठेकेदार आला, पाया पडला, आणि अध्यक्षांच्या आईला दूधदुभतं हवं म्हणून दुभती म्हैस दारात बांधायला लागला. त्याला बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला, आणि दावं त्याच्याच हातात दिलं. म्हैस जाता जाता शेण टाकून गेली, तेवढं ठेवून घेतलं. अंगण सारवायचंच होतं.

आता तो तुझ्याकडे येईल. पाणी साऱ्यांच्या घरचं पी बाबा. काठी मी ठेवायला सांगितली होती, फेकायला नाही.

येशील तेव्हा तहानलेला ये.
तुझी अव्वा