दिवेलागणीला विझणारा टँक

मल्लेश्वरम, बेंगळूरु
कार्तिक वद्य एकादशी

प्रिय अजिंक्य,

तुझं आणि सूनबाईचं, सोनमचं, देव बरं करो. आधी माशांच्या टँकसाठी आलेल्या वस्तू लिहिते, म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर येईल. मिठाची वीस किलोची बादली आली, सहा हजार आठशे. फॉस्फेट तपासायची नवी पेटी, दोन हजार चारशे पन्नास. काच आतून घासायचं चुंबक, अकराशे. गोठवलेल्या कोळंबीची दोन पाकिटं, सातशे. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी दहा मागवल्या होत्यास, त्यातली एक वाटेतच गेली. दुकानदारानं तिचे पैसे कापले नाहीत, मीही भांडले नाही. सगळं रोख दिलं आणि वहीत लिहिलं. पैसे मागायला हे पत्र नाही. पण बादली उंबऱ्याच्या आत ठेवताना आणणारा कन्नडात विचारत होता, एवढं मीठ कशाला, हॉटेल आहे का तुमचं? ज्या घरात अण्णांच्या भाजीत मीठ चिमटीनं मोजून पडतं, त्या घरात वीस किलो मीठ आलं. मी त्याला काय सांगणार. सरी, बरं, एवढंच म्हटलं, आणि दार लावलं.

एकाच गावात राहून आई टपालानं पत्र का पाठवते, असं तुला वाटेल. मल्लेश्वरमहून के. आर. पुरमला मेट्रो जाते, मॅजेस्टिकला बदलायची, हे मला ठाऊक आहे. फोनही आहे. पण फोन उचललास तर 'आई, मीटिंगमध्ये आहे, टँकचा फोटो पाठव' एवढंच म्हणतोस. आणि आपल्या दोन खोल्यांत मी जे बोलते ते सगळं अण्णांना ऐकू जातं. पत्राला आवाज नसतो, आणि ते मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण ते तुझ्याजवळ राहतं.

टँक ठेवून गेलास तेव्हा म्हणाला होतास, दोनच महिने, नव्या घराचं सगळं लागलं की घेऊन जातो. त्यानंतर एक गणपती गेला, दुसराही गेला. मी तक्रार केली नाही. जीव घरात आणला की त्याचं करावं लागतं. नळाचं पाणी चालत नाही म्हणालास, तर फिल्टरचं भरते. एक बादली चांगलं पाणी निघायला तीन बादल्या बाहेर जातात, ते बघवत नाही, म्हणून बाहेरचं पाणी भांड्यांना नि फरशीला वापरते. गल्लीत टँकरची वाट बघत बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, त्या उन्हाळ्यातसुद्धा तुझ्या माशांचं पाणी चुकलं नाही. शेजारच्या हेमलताअक्का म्हणाल्याही, काय मथुराक्का, तुमच्यात माशांना कावेरीचं पाणी नि माणसांना टँकरचं वाटतं. मी हसून घेतलं. दहावीची एसएसएलसी झालेली बाई मी, पण आता पाण्यात मीठ किती झालं ते मीठ मोजायच्या काचेतून बघून सांगते, नळीतला रंग पट्टीशी धरून नायट्रेट सांगते. आटलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घालायचं, खारं नाही, कारण मीठ आटत नाही, हेही मी चुकत नाही. एकादशीला माझ्या तोंडात भगरीचा घास नसतो, पण वाटीत कोळंबी विरघळवून त्यांना घालते, मग अंघोळ करते आणि मग देवापुढं बसते.

अण्णांची खाट आता बाहेरच्या खोलीत आहे, टँकसमोर. तुला दिसली नसेल, फोटोत फक्त टँक येतो. डायलिसिसला आम्ही आठवड्यातून तीनदा बसवनगुडीला जातो, जाताना मेट्रोनं, येताना ऑटोनं, कारण येताना त्यांना उभं राहवत नाही. घरी आले की टँकसमोर बसतात. त्यांना दिवसाला पाणी एक लिटर. मी सकाळी बाटली भरून देते, ती संध्याकाळपर्यंत पुरवायची, औषधं गिळायला लागतं तेही त्यातच. आणि समोर तीनशे लिटर पाणी. सुरवातीला मला वाटलं, हा छळ आहे, खाट आत हलवावी. तर म्हणाले, राहू दे मथुरा, प्यायला नाही तर नाही, बघायला तरी मिळतंय. दोन नारिंगी माशांतली मोठी ती मादी असते, हे तूच त्यांना सांगितलं होतंस. तिला ते मालकीण म्हणतात. धाकटा तिच्या मागं मागं फिरतो, तो म्हणे ते स्वतः.

आता शेवाळाचं. टँकचा दिवा उशिरापर्यंत कोण चालू ठेवतं, असं तू पुन्हा पुन्हा विचारलंस. मी ठेवते. तू लावून दिलेली विझायची वेळ नेमकी दिवेलागणीची आहे. मी देवापुढं निरांजन लावून, हात जोडून बाहेर यावं, आणि अण्णांच्या समोरचा उजेड फटकन जावा. आपल्या घरात दिवेलागणीला लागलेला दिवा कोणी मालवत नाही, आणि आजारी माणसाच्या तोंडासमोरचा तर नाहीच. मी बटण दाबून पुन्हा लावला. थोड्या वेळानं तो आपोआप गेला. वाटलं, वायर सैल असेल. पुन्हा लावला, पुन्हा गेला. मग अण्णांनीच सांगितलं की हे तुझ्या फोनवरून होतं. तू के. आर. पुरमला बसून माझ्या घरातला दिवा मालवत होतास. खरं सांगते अजिंक्य, पहिल्यांदा मला बरं वाटलं. वाटलं, या घडीला पोरगा घराकडं बघतोय. पुढं रोज तेच, मी लावायचा, तू मालवायचास, मी पुन्हा लावायचा. आपल्या दोघांचं तेवढंच बोलणं उरलं होतं. दिवा गेला की अण्णा म्हणायचे, आले चिरंजीव. हसायचे. नंतर हसेनासे झाले. तरी दिवा जायच्या वेळेला दाराकडं बघायचे, ही सवय काही गेली नाही.

तर त्या उजेडानं शेवाळ झालं, हे मी नाकारत नाही. आधी काचेवर तपकिरी पूड धरली. मग दगडांवर हिरवे केस उगवले, बोटभर लांब, पाण्याबरोबर हलणारे. मग वाळूवर तांबडी साय. जुन्या ब्रशनं घासलं, नळी लावून ओढून काढलं, पाणी बदललं, दुकानदारानं दिलेली औषधाची बाटली ओतली, तिनं काही झालं नाही. फॉस्फेट चढलं तसा तू दिवसातून दोनदा विचारायला लागलास, आज किती, काल किती होतं. अण्णांच्या रक्तातही तेच चढतं. दवाखान्याच्या कागदावर आणि तुझ्या पेटीवर एकच शब्द आहे, हे मला दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं. त्यांना त्यासाठी जेवणाबरोबर गोळ्या आहेत, दूध तोडलंय, डाळ तोडलीय. मी तुला टँकचा आकडा कळवत राहिले आणि वाट बघत राहिले, की चुकून तरी दुसरा विचारशील.

मग तुझा हुकूम आला, तीन दिवस टँक काळ्या कापडानं पुरता झाकायचा, उजेडाचा कवडसासुद्धा आत जाता कामा नये, म्हणजे शेवाळ मरतं. आता तू मला सांग, आजारी माणसाच्या पायाशी, देवघराच्या समोर, मी काळं कापड पसरू? घरात छत्रीशिवाय काळं काही मी ठेवलेलं नाही. मी माझी हिरवी इरकल काढली आणि दुहेरी करून टँकवर घातली. वाटलं, इरकल भरीव असते, झाकलं जाईल. पण धुऊन धुऊन ती विरली होती. शेवाळाला पुरेल इतका उजेड आत जात राहिला, आणि बाहेर अण्णांना मात्र काही दिसेना. ते बसून राहिले, इरकलीकडं बघत. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, कोणाला झाकून ठेवलंयस? मी इरकल ओढून काढली. शेवाळ होतं तसंच होतं, मासे दगडाआड बसले होते. तुला फोटो पाठवला, तर तू आवाज भरून पाठवलास: आई, एक साधं काम सांगितलं होतं, काळं म्हणजे काळं, तुला समजत नसेल तर विचारायचं ना. मला तो हळू आवाजात ऐकता येत नाही, मोठ्यानं लागला. अण्णांनी ऐकला. पंच्याचं टोक तोंडाला लावून बसले.

मला समजत नाही म्हणतोस, तर समजलेलं एक लिहिते. बसवनगुडीच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या तिघांना समोर बसवून सांगितलं होतं, की किडनी बदलणं हाच उपाय, घरात कोणाचा रक्तगट जुळतो ते सांगा. तुझा आणि अण्णांचा गट एक आहे, तुझ्या शाळेच्या ओळखपत्रावरसुद्धा तो छापलेला होता. तू फोनकडं बघत राहिलास. मग कॉल आला म्हणून उठून बाहेर गेलास. कॉल आला नव्हता, मी तुझ्या शेजारीच बसले होते. त्याच महिन्यात ऑफिस लांब पडतं म्हणून के. आर. पुरमचं घर झालं. ऑफिस त्याआधी तीन वर्षं तिथंच होतं. तू गेल्यावर अण्णा मला म्हणाले, त्याला विचारायचं नाही. आपणहून म्हणाला तर बघू, पण मागायचं नाही, तुला माझी शपथ. म्हणून मी मागितलं नाही, आजवर एका शब्दानं नाही. आणि मी मागेन म्हणून तू आला नाहीस. दसऱ्याला नाही. दिवाळीला कोणाच्या तरी हाती मिठाईचा डबा पाठवलास, तो मी शेजारी वाटून टाकला. अण्णांना चालत नाही, आणि माझ्या घशाखाली उतरला नसता. सोनमला मी बोल लावत नाही. ती मधून मधून फोन करून अण्णांचं विचारते, हळू आवाजात, जसं काही पलीकडच्या खोलीत कोणी झोपलंय.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. साखर तपासायला जाते असं अण्णांना सांगून मी माझ्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. माझा गट ओ, तो त्यांना चालतो. माझं वय बघून डॉक्टरीणबाईंनी आधी नकाराची मान हलवली होती, पण हृदय, फुप्फुसं, रक्त, सगळं बरं निघालं. इतक्या वर्षांचे उपास देवानं कुठंतरी मांडून ठेवले असतील. किडनी मी देते आहे. अण्णांना कळलं तेव्हा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग एक दिवस जेवता जेवता सरी म्हणाले. परवानगी देणाऱ्या समितीसमोर दोघं जाऊन आलो. आम्ही नवरा-बायको आहोत याचा पुरावा म्हणून लग्नाचा फोटो दाखवावा लागला. त्यात मी तीच हिरवी इरकल नेसलेली आहे. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या सोमवारी आम्हाला आत घेतील. तेव्हा तू आता भिऊ नकोस. इथं यायला तुला हरकत नाही, कोणी काही मागणार नाही. टँकला त्या दिवसांत बघणारं कोणी नाही. न्यायचा असेल तर ने, नाहीतर दुकानदार मासे परत घ्यायला तयार आहे, अण्णांना मी ते अजून सांगितलेलं नाही. मुख्य सांगायचं राहिलं. आम्ही दोघं एकाच वेळी आत असणार. बाहेर बाकावर बसायला, डॉक्टर बाहेर येऊन सांगतील ते ऐकायला घरचं एक माणूस लागतं, त्याचं नाव दवाखान्यात आधी द्यावं लागतं. हेमलताअक्का बसते म्हणाल्यात. मी अजून नाव दिलेलं नाही. तुझं देऊ की त्यांचं, तेवढं उलट टपाली कळव. दिवा लावून-मालवून नको. दोन ओळी हातानं लिहून पाठव.

तुझीच,
आई