न्हाणीची समपातळी

मुकुंदवाडी, रविवार

तीर्थस्वरूप दाजी यांस,

धाकट्या मेव्हण्याचा कंबर वाकेल तितका नमस्कार (सध्या फारशी वाकत नाही, कारण पुढं येईलच). तुमचा गुडघा कसा आहे? आवडाक्काचा खोकला कमी झाला का? बिडकीनला आता गावापेक्षा ट्रक जास्त झालेत म्हणतात, तेव्हा रस्ता ओलांडताना जपून. आईची खुशाली मुद्दाम विचारत नाही. लेकीच्या घरी आहे म्हणजे बरीच असणार.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या फोनचा स्पीकर कायम चालू असतो, दाजी, आणि आपलं खासगी बोलणं तुमच्या गल्लीतला किराणावालासुद्धा ऐकतो. म्हणून हे पत्र. कृपया मनातल्या मनात वाचावं. (तुम्ही हेडमास्तर होता, लग्नपत्रिका आली तरी खालच्या चिल्ल्यापिल्ल्यांसकट मोठ्यानं वाचता, हे मी विसरलेलो नाही.)

तर विषय न्हाणीचा. आई जानेवारीत साबणावरून घसरली, मनगट मोडलं आणि तुमच्याकडं आली, इथवर तुम्हाला माहीत आहेच. तो साबण मी त्याच दिवशी घरातून हद्दपार केला. तरीपण म्हटलं, हात लावलाच आहे तर जमीनही एकदा सरळ करून घ्यावी. आमच्या घरात एक रीत आहे, जुनं काढायचं नाही, वरून टाकायचं. बापूंनी कोबा केला. तो खचल्यावर काकांनी त्यावर शहाबादी घातली. ती हलायला लागल्यावर मी तिच्यावर स्टाईलची फरशी बसवली. दर वेळी न्हाणी दोन बोटं वर आली आणि दर वेळी दार खालून दोन बोटं कापलं गेलं. शेवटी आत कोण आहे हे बाहेरून पावलांवरून ओळखायची सोय झाली होती. पाणी मात्र जाळीकडं न जाता दाराकडं यायचं आणि तिथंच थांबायचं.

मिस्त्री जहांगीरभाई. माणूस सज्जन, कमी बोलणारा, पण त्या कमी बोलण्यातही समोरच्याला शहाणा समजत नाही असा. त्यांनी तिन्ही थर फोडले. चार दिवस घरात इतकी धूळ होती की आमची सौ. दीपमाला मला चहा देताना आधी हाक मारून खात्री करून घ्यायची. मग ते म्हणाले, "साब, जाली के तरफ ढाल देता मैं. पानी कू रस्ता होना." आता तुम्हीच सांगा, मी मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली. माझ्या हातून एकाही शेताचा बांध इकडचा तिकडं झाला नाही (तक्रारी झाल्या, बांध नाही). वाकड्या जमिनीमुळं एवढं रामायण झालं आणि हा गृहस्थ मला पुन्हा वाकडीच जमीन देणार! मी चारी कोपरे एका पातळीत दाखवणारा आराखडा काढला, खाली सही केली आणि पाणसळ घेऊन स्वतः उकिडवा बसलो. जिथं बुडबुडा केसभर सरकला तिथं स्टाईल उचलायला लावली. दोन दिवस. (कंबरेचं कारण हे.)

जहांगीरभाईंनी एका शब्दानं वाद घातला नाही. फक्त काम संपल्यावर पेन्सिल माझ्या हातात दिली आणि दारामागच्या भिंतीवर लिहून घेतलं, "सपाट काम घरमालकाच्या सांगण्यावरून." मी मोठ्या झोकात लिहिलं, तारीखही घातली.

सिमेंट वाळल्यावर पहिली अंघोळ माझी. पहिला तांब्या ओतला, पाणी पसरलं आणि जिथल्या तिथं उभं राहिलं. दुसरा ओतला, तेही राहिलं. पाच तांब्यांनंतर मी घोट्याएवढ्या नाही तरी बोटभर पाण्यात उभा होतो, आणि पाणी चारही कोपऱ्यांत सारखं. कुठं एक रेघ कमी नाही, जास्त नाही. खरं सांगतो, क्षणभर मला अभिमान वाटला. चौतीस वर्षांत इतकी अचूक मोजणी झाली नव्हती. मग दीपमालानं बाहेरून विचारलं, "झालं का?" आणि मी खराट्यानं पाणी जाळीकडं ढकलायला लागलो. आठवडाभर आम्ही असंच केलं. अंघोळ पाच मिनिटं, पाणी लोटणं पंधरा. लोटून घाम आला की पुन्हा अंघोळ करावीशी वाटायची.

जहांगीरभाईंना पुन्हा बोलावलं. ते आले, भिंतीवरचं माझं अक्षर वाचलं, मान डोलावली आणि हातोडा काढला. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

या वेळी त्यांनी ढाळ किती द्यायचा ते मला विचारलंच नाही. वेगळंच विचारलं. "अम्मा नहाने कू किधर बैठते?" दाजी, गावोगावच्या विहिरी, झाडं, पायवाटा नकाशावर दाखवल्या मी, पण साठ वर्षं एका घरात राहून आपली आई अंघोळीला कुठं बसते ते मला ठाऊक नव्हतं. दीपमालानं दाखवलं, डावा कोपरा, नळाजवळ, पाठ भिंतीला. तिथं त्यांनी खरखरीत फरशी बसवली. भिंतीला धरायला दांडी लावायची होती, ती किती उंचीवर, म्हणून मी तुम्हाला फोन केला होता. बसल्यावर आईचा हात कुठवर पोचतो, एवढंच विचारलं होतं. तुम्ही ते स्पीकरवर तीन वेळा मोठ्यानं म्हटलंत. पलीकडून कुणीतरी "दोन वीत धरा" असं सांगितलं, तो आईचा आवाज नव्हता, किराणावाल्याचा होता. शेवटी आवडाक्कानं दोरीनं मोजून सांगितलं.

आता न्हाणी झाली. तांब्या ओतला की पाणी सरळ जाळीत जातं. मी रोज दोनतीनदा विनाकारण ओतून बघतो. दीपमाला म्हणते, पाण्याची टाकी तुम्ही बघण्यातच संपवाल.

आईला मात्र घाई नाही. तिचं प्लास्टर निघून पंधरा दिवस झाले, असं अक्काकडून कळलं. तिला तिकडं करमतंय तर राहू द्या, उन्हाळाभर राहू द्या. आमचं इकडं उत्तम चाललंय. कळावे.

आपला
बद्रीनाथ

ता. क. आमचं इकडं उत्तम चाललेलं नाही. दीपमाला रोज आईसाठी एक भाकरी जास्त टाकते आणि ती संध्याकाळी मला खावी लागते.

ता. क. दुसरं. साबणाचं मी वर लिहिलंय ते खोटं आहे. साबण त्या दिवशी कोनाड्यात होता, डबीत, कोरडा. दारातल्या साचलेल्या पाण्यावरून आई घसरली. अकरा वर्षं ती सांगत होती, "बद्री, पाणी दारात उभं ऱ्हातंय रं, बघ की जरा," आणि मी अकरा वर्षं "बघू" म्हणत होतो. डॉक्टरांनी कसं पडलात विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "साबण व्हता." हात मोडलेला, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि तिला माझी बाजू राखायची घाई. तुम्हालाही तिनं तेच सांगितलं. मीही तेच धरून बसलो. मला त्याची फार लाज वाटते. हे ता. क. आईला वाचून दाखवू नये.

ता. क. तिसरं. हे सगळं तुम्ही पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलंत, आणि आई समोरच बसून ऐकतेय, हे मला ठाऊक आहे, दाजी. पत्र तुम्हाला लिहिलं ते त्यासाठीच. तिच्या तोंडावर मला बोलता आलं नसतं.

आई, आता पाणी दारात उभं राहत नाही. गुरुवारी सकाळच्या बसनं न्यायला येतोय. नाही म्हणू नको.