निपाणीला रुसून बसलेल्या आप्पांना

वडगाव, बेळगाव
रविवार, दुपारची भांडी आवरल्यावर

तीर्थरूप आप्पांच्या पायांवर पूर्णिमाचं डोकं. (डोकं इथं वडगावात आणि पाय तिथं निपाणीत, पण भावना पोचावी.)

तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल चोळता का? जयाबाई आत्यांच्या हातचं जेवण मानवलं असेलच. लहान बहीण म्हटल्यावर त्या तुमच्या आवडीचंच करणार. आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे आता आहोत. मध्ये नव्हतो, तेच सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनचा स्फोट होतो असं कुणीतरी सांगितल्यापासून तुम्ही तो बंद करून परसातल्या धुण्याच्या दगडावर ठेवता, असं आत्या म्हणाल्या. तेव्हा कागदच बरा. याचा स्फोट होत नाही.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवसाचं आधी बोलून घेते. चूक कुणाची हे सून असल्यामुळं मी सांगणार नाही. (तुमच्या मुलाची.) पण आप्पा, आपल्या कामावरचा भावकू बँकेची काच पुसायला शिडीवर चढत असताना तुम्ही त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवलात. पाय धरल्यावर माणूस वर जाणार कसा? मग फरशी ओली आहे म्हणून तुम्ही दारात आडवे उभे राहिलात आणि खुद्द बँकेच्या साहेबांना सांगितलंत की आत येणारा कंबर मोडूनच बाहेर जाईल. साहेबांना स्वतःच्याच बँकेत शिरता येईना. तेव्हा तुमचा रविराज सगळ्यांदेखत तुमच्यावर डाफरला, "आप्पा, सफाईचा धंदा करायचाय का नुसती भीती घालायचीय?" तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेतलीत आणि निपाणीची बस धरलीत.

खरं सांगते, पहिले काही दिवस कामावर सण असल्यासारखं वाटलं. शिंक आली तर शिडीवरून खाली उतरून शिंका, असं सांगणारं कुणी नव्हतं. अंबुबाई तर म्हणाली, कानाला जरा इसावा मिळाला. (ती कंग्राळीहून येते, शेतातलं आवरून, त्यामुळं तिला विसाव्याची किंमत कळते.) आणि भावकूनं मोठी सुधारणा केली. तुम्ही ॲसिडचा कॅन गाडीच्या पुढच्या बाजूला आणि ब्लीचिंग पावडरचा डबा अगदी मागं ठेवायला लावत होता ना, ते त्यानं मोडलं. दोन्ही एकाच बादलीत ठेवली. एका हातात सगळं सामान, लई सोय झाली, म्हणाला. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा.

मग गावाबाहेरच्या एका मंगल कार्यालयाचं काम आलं. संध्याकाळी साखरपुडा, आणि न्हाणीघरातल्या फरशा अशा पिवळ्या की जणू हळद तिथंच लागली होती. अंबुबाई आत घासत होती. शेजारीच आचारी बुंदी पाडत होते. ॲसिडचा वास तिकडं जाऊ नये म्हणून भावकूनं न्हाणीघराच्या खिडक्या लावल्या, बाहेरून दारही ओढून घेतलं. चांगल्या मनानं केलं हो त्यानं. आत अंबुबाईला वाटलं, नुसत्या ॲसिडनं डाग हलत नाहीत तर वरून पावडर टाकावी, दोन्ही मिळून लख्ख करतील. बादलीत दोन्ही शेजारी शेजारी होतीच.

मी बाहेर सतरंज्या झटकत होते. आधी खोकला ऐकू आला. मग खोकलाही ऐकू येईना. मी दार ढकललं तर डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं, आणि खाली भिंतीला टेकून अंबुबाई बसलेली, तोंडावर पदर, हातानं नुसतं दार कुठं आहे ते चाचपत होती. भावकू श्वास कोंडून आत शिरला आणि तिला काखेत धरून ओढत बाहेर घेऊन आला. रविराजनं बाहेरच्या बाजूनं खिडक्यांच्या काचा झाडूच्या दांड्यानं फोडल्या. मी ओरडले की सगळे लांब व्हा. आप्पा, माझ्या गळ्यातून तो आवाज कुठून आला कोण जाणे, हुबेहूब तुमच्यासारखा. आचारी बुंदीचे झारे हातात घेऊन पळाले, बँडवाले ढोल टाकून पळाले, आणि कार्यालयाचे मालक कन्नडात आमच्या सात पिढ्यांची चौकशी करत सगळ्यांच्या पुढं पळाले. नवरीकडची एक आजी तेवढी हलेना. तिला वाटलं पाहुण्यांवर फवारायचं अत्तर सांडलंय. तिला खुर्चीसकट उचलावं लागलं. अंगणात ठेवल्यावर तिनं विचारलं, चहा इथंच देणार काय?

अंबुबाईला रिक्षातून दवाखान्यात नेलं. नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई आमच्यावर रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. त्या शांतपणे म्हणाल्या की ही दोन एकत्र आली की विषारी वायू होतो, आणि बंद खोलीत अजून थोडा वेळ गेला असता तर ऑक्सिजन लावायला कुणी उरलं नसतं. भावकू कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिला. रविराज माझ्याशेजारी बाकावर बसला होता. म्हणाला,

"आप्पा असते तर दार लावू दिलं नसतं."

मग त्यानं मला एक सांगितलं, जे इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता. तो शाळेत असताना, तुम्ही यंत्रमागाच्या कारखान्यात होता तेव्हा, तुमच्या शेजारच्या मागावर शामूकाकांचा हात पट्ट्यात गेला होता. तुम्ही त्यांना उचलून नेलंत आणि घरी आलात तेव्हा सदरा रक्तानं भरलेला होता. त्या दिवसापासून तुम्ही घरातलं प्रत्येक बटण दोनदा तपासायला लागलात. "मी त्याला आप्पांचं वेड म्हणत आलो गं," म्हणाला.

अंबुबाई आता बरी आहे. खोकला गेला, आवाज परत आला, आणि आल्या आल्या तिनं तो भावकूवर वापरला. त्यानं निमूट ऐकून घेतलं. तो आता खडेबाजारातून सगळ्यांसाठी हातमोजे, चष्मे आणि जाड तळाचे बूट घेऊन आलाय. (चष्मे घालून अंबुबाई आरशासमोर बराच वेळ उभी होती. आपण विमान चालवतो असं वाटतंय, म्हणाली.) ॲसिड आणि पावडर एकत्र तर सोडाच, एका दिवशी गाडीतसुद्धा जात नाहीत. कार्यालयाच्या मालकांनी काचा आमच्याकडून बसवून घेतल्या, पण काम काढून घेतलं नाही. पळताना ते सगळ्यांत पुढं होते हे आम्ही गावात सांगू नये, एवढीच त्यांची अट आहे. तुम्हाला सांगितलं ते निपाणीत सांगितलं, म्हणून चालतंय.

तर असं सगळं सुरळीत आहे. तुमच्यावाचून काही अडलेलं नाही. तुम्ही आत्यांकडं हवं तितकं राहा, आराम करा. आत्यांना नमस्कार.

तुमची सून,
पूर्णिमा

ता.क. अडलेलं नाही असं वर लिहिलंय, ते तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून. शहरातल्या एका मोठ्या शाळेचं काम मिळतंय. त्यांना प्रत्येक वेळी जागेवर सुरक्षेसाठी एक जबाबदार माणूस पाहिजे, जो काम थांबवायला सांगेल आणि कुणाचं ऐकणार नाही. रविराज लगेच म्हणाला, असा माणूस आमच्या घरातच आहे. तुमचं नाव देऊन झालंय. अंबुबाईनं तर सांगितलंय की तुम्ही दारात उभं राहून कुरकुर केल्याशिवाय ती कुठल्याच न्हाणीघरात पाऊल टाकणार नाही. एकच विनंती, शिडीवर चढणाऱ्याचा पाय धरू नका, शिडी धरा.

ता.क. दुसरा. हे पत्र टपालानं आलेलं नाही, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. घेऊन येणारा आत्यांच्या फाटकाबाहेर उभा असेल. तोंडानं सांग म्हटलं तर तुमचा लेक सकाळपासून नुसता गाडी पुसत बसला, म्हणून मी लिहून दिलं. मोटारसायकलवरून आलाय. हेल्मेट घालून आलाय का, तेवढं बघा. नसेल तर लगेच ओरडायला सुरुवात करा, तेच ऐकायला आलाय तो. आणि मग आत बोलवा.